कमलाबाईंचा सत्याग्रह

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला दुर्गाबाई भागवतांवर बोलता बोलता सर सहज सांगून गेले की, दुर्गाबाईंची पाठची बहीण मोठी शास्त्रज्ञ होती आणि संशोधन करू द्यावे म्हणून तिला एका नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याच्या दारात सत्याग्रह करावा लागला होता. घंटा झाली, सर निघून गेले, मुली डबे उघडून बसल्या. पण ते वाक्य काही माझ्या मनातून जाईना. दुर्गाबाई आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना त्यांनी आणीबाणीला विरोध केला, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. मग त्यांची बहीण आम्हाला का ठाऊक नसावी? ती शास्त्र शाखेची म्हणून? या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले. तिथे जे हाती लागले ते माझ्या मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

डॉ. कमला सोहोनी म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरला टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली जी विज्ञानसंस्था आहे, तिथे हे दोघे बंधू शिकले होते. घरात पुस्तके होती, प्रयोगांच्या गोष्टी होत्या. अशा घरातली थोरली मुलगी साहित्याकडे आणि लोकसंस्कृतीकडे वळली, धाकटी रसायनशास्त्राकडे. बंगलोरच्या त्या संस्थेत आपणही संशोधन करायचे, ही कमलाबाईंची लहानपणापासूनची ओढ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. आता अडचण कसली? त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला आणि निर्धास्त राहिल्या.

अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

नाकारणारी व्यक्ती लहानसहान नव्हती. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा नुकतेच संस्थेचे संचालक झाले होते. परकीय सत्तेच्या काळात ज्या माणसाने भारतीय बुद्धीचे तेज जगाला दाखविले, त्याच माणसाला भारतीय मुलीच्या बुद्धीवर विश्वास ठेवता आला नाही. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या. तो काळ गांधीजींचा होता. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. अन्यायापुढे मान तुकवायची नाही आणि हातही उगारायचा नाही, हा धडा त्या पिढीने गिरविला होता. मला कोणत्या नियमाने नाकारता ते सांगा, नाहीतर मी इथून हलणार नाही, असा पवित्रा त्यांनी संचालकांच्या कचेरीसमोर घेतला. वय अवघे बावीस.

अखेर रामन नमले. पण पूर्ण नाही. त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्षभर कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, ते वर्ष पारखून घेण्याचे राहील. त्यांच्या कामाचा दर्जा खुद्द संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या वावराने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचून मी पुस्तक मिटले. पुरुषांच्या चित्ताची जबाबदारीही मुलीच्याच शिरावर! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि त्या संस्थेत प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

इथे थोडे विषयांतर करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा होती. शास्त्र शाखेसाठी तालुक्याला जावे लागे आणि प्रात्यक्षिके आटोपून मिळणारी एस.टी. अंधार पडल्यावर फाट्यावर येई. घरात बैठक बसली. चुलते आले, मामा आले. शेवटी ठरले ते असे : मुलीने शिकावे, पण कला शाखेत, तास संपले की पहिल्या गाडीने घरी यावे, आणि गावातून कोणाची एक जरी तक्रार कानावर आली तरी शिक्षण बंद. वडिलांच्या मनात दुष्टपणा नव्हता, भीती होती. मीही अटी मान्य केल्या. त्या वेळी मला वाटले होते की, आपण हरलो. कमलाबाईंचे चरित्र वाचेपर्यंत तसेच वाटत होते.

बंगलोरला कमलाबाईंना श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे गुरू लाभले. त्यांनी विद्यार्थिनी म्हणून सवलत दिली नाही, तसा दुजाभावही केला नाही. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम सुरू केले. विषय पाहा! ज्या देशात बहुसंख्यांच्या ताटात मांसमच्छी क्वचित येते, तिथे प्रथिने येणार ती डाळीतूनच. वर्ष संपले. रामन यांची खात्री पटली, आणि त्यांनी कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी दिली. एवढेच नव्हे, तर पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडे झाले. हवामानशास्त्रात नाव कमावणाऱ्या ॲना मणी यांनी १९४० नंतर त्याच संस्थेत, तेही रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केले. कमलाबाईंनी १९३६ साली एम.एस्सी. विशेष गुणवत्तेने मिळविली. पण तो पहिला अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयातही रामन थोर शास्त्रज्ञ होते हे मान्य करून त्यांच्या मनाच्या कोतेपणाबद्दल त्या स्पष्ट बोलत. आपण मात्र थोरांविषयी बोलताना एक तर आरती ओवाळतो, नाहीतर दगड मारतो.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळविलेले. प्रयोगशाळा विद्यार्थ्यांनी भरलेली, एकही टेबल रिकामे नाही. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा कमलाबाईंना देऊ केले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखविली. एका नोबेलवाल्याच्या दारात धरणे धरावे लागले, तर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत एका परक्या माणसाने आपली जागा मोकळी करून दिली. दोन्ही माणसे विज्ञानाचीच. म्हणजे मनाचा मोठेपणा विज्ञानाबरोबर आपोआप येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो.

रिक्टर गेल्यावर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम केले. त्यांनी काय शोधले ते सांगण्यापूर्वी विकर म्हणजे काय ते सांगायला हवे. विकर म्हणजे एन्झाइम. मला ते पुस्तकापेक्षा आमच्या घरातल्या पिठाच्या डब्याने लवकर समजावले.

आमच्याकडे बाजरी दळून आणली की आजी दिवस मोजते. आठ-दहा दिवसांवर पीठ गेले तर भाकरी कडू लागते. दाण्यात महिनोन्महिने टिकणारी बाजरी पीठ झाल्यावर का बिघडते? बाजरीत गहू-तांदळापेक्षा स्निग्धांश जास्त. त्याच दाण्यात लायपेज नावाचे एक विकरही असते. दाणा अखंड असतो तोवर दोघे वेगवेगळ्या खोल्यांत राहणाऱ्या शेजाऱ्यांसारखे असतात. जात्यात किंवा गिरणीत भिंत फुटते, विकर स्निग्धांशाला भिडते, त्याचे तुकडे करते, आणि पीठ खवट होत जाते. विकर स्वतः संपत नाही. एक काम उरकले की दुसऱ्याला लागते.

पिठाचा नाश करणारे हे विकर आपल्या पोटात मात्र आपले पोषण करते. आपल्या स्वादुपिंडातून लायपेज पाझरते आणि जेवणातल्या तेला-तुपाचे पचनयोग्य तुकडे करते. स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थ फोडतो हे फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी १८४८ च्या सुमारास दाखवून दिले. हे विकर कमी पडले की खाल्लेले स्निग्ध पदार्थ शौचावाटे तसेच निघून जातात. माणूस खातो पण वाळत जातो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशातूनच अंगी लागतात. तीही वाया जातात, आणि रातांधळेपणासारखे विकार जडू शकतात. याच कुळातले दुसरे एक विकर रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला असते आणि रक्तातून वाहणारा मेद फोडून पेशींना पुरवते. क्वचित एखादे मूल जन्मतःच त्या विकरावाचून येते. त्याचे रक्त दुधासारखे पांढुरके दिसते आणि स्वादुपिंडाला वारंवार सूज येते. एका अदृश्य कामगाराने दांडी मारली तर सगळा कारखाना कसा बंद पडतो पाहा!

पण फोडलेला मेद आणि फोडलेले पिष्ट यांचे पुढे काय होते? पेशीच्या आत त्यांचे हळूहळू ज्वलन होते आणि त्यातून जगण्याची शक्ती निघते. या ज्वलनाच्या शेवटच्या टप्प्यावर काही रेणू साखळी करून उभे असतात. विहिरीवर घागरी एका हातातून दुसऱ्या हातात द्याव्यात, तसे ते इलेक्ट्रॉन पुढे पुढे देत प्राणवायूपर्यंत पोहोचवितात. त्या रांगेतला एक म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशींत तो असतो हे तोपर्यंत माहीत झाले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता तो वनस्पतींच्या पेशींतही असतो असे दाखविले. बटाटा आणि बटाटा खाणारा माणूस, दोघांच्या पेशीत चूल एकाच रीतीची! या शोधावरचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजहून विज्ञानातील पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशी औषध कंपन्यांची निमंत्रणे आली होती. कमलाबाईंनी ती नाकारली आणि १९३९ सालीच मायदेशाचा रस्ता धरला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकविता शिकविता त्यांनी विद्यार्थ्यांची एक फळी उभी केली आणि तिला एकच दिशा दिली : गरीब माणूस जे खातो ते तपासायचे.

त्यातूनच कडधान्यांचा एक विलक्षण स्वभाव पुढे आला. लायपेज जसे स्निग्धांश फोडते, तसे त्याच स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन हे विकर प्रथिने फोडते. कच्च्या कडधान्यात मात्र ट्रिप्सिनला जखडून टाकणारा एक पदार्थ असतो. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर, पण ती पचविणाऱ्या विकराचे हात बांधलेले. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाल आणि डबल बी यांतून हा पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला आणि १९५५ साली ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पोट भरूनही मूल कुपोषित का राहते, या प्रश्नाच्या उत्तराचा हा एक धागा होता. उपाय मात्र चुलीवरच होता. नीट शिजविले की या पदार्थाचा जोर बहुतेक ओसरतो. वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मऊ शिजवायचे, हे आपल्या आया-आज्या करीत आल्या. त्यांना ट्रिप्सिन माहीत नव्हते. अर्धकच्चे खाल्ले तर पोट धरून बसावे लागते, एवढे माहीत होते.

आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हा विषय परका नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याची किती तरी गावरान वाणे जतन केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव झळकले. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत, कमलाबाई केंब्रिजला गेल्या. एकीने वालाचे बी राखले, दुसरीने वालाचे गुपित उलगडले. आमच्या घरी थंडीत हुलग्याची शेंगोळी होतात. ती रटरट शिजताना आता मला कमलाबाईंची आठवण येते.

कमलाबाईंचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडाच्या झाडाचा ताजा रस म्हणजे नीरा; ऊन चढले की ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आहेत हे कमलाबाईंनी दाखविले. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाची प्रत सुधारण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला.

एवढे करूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला उशीरच लागला. आले तेव्हा निवृत्ती फार दूर नव्हती. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. १९३३ चे दार एकदा उघडले म्हणजे सगळी दारे उघडली असे होत नाही, हेच खरे.

निवृत्तीच्या आधीच, १९६६ साली, मुंबईत काही जागरूक स्त्रियांनी ग्राहकांसाठी जी संस्था काढली, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. हळदीत, तेलात, डाळीत काय मिसळले जाते हे गृहिणीला घरच्या घरी ओळखता यावे म्हणून त्यांनी लेख लिहिले. १९८२-८३ साली त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजची पदवी मिळविलेली बाई वाण्याच्या पुडीतली भेसळ तपासत होती आणि त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता.

१९९८ सालच्या जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव योजला होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांची प्राणज्योत मालवली. वय सत्त्याऐंशीच्या घरात होते. ज्या विद्वानांच्या सभेत पाऊल टाकण्यासाठी बाविसाव्या वर्षी धरणे धरले, त्याच सभेने उभे राहून केलेला सत्कार त्यांचा अखेरचा ठरला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कमलाबाईंनी त्या अपमानकारक अटी का मान्य केल्या? नाकारून, ताठ मानेने परत येता आले असते. टाळ्याही पडल्या असत्या. पण मग प्रयोगशाळेचे दार बंदच राहिले असते. त्यांनी अटी मान्य केल्या, अटींचा अन्याय नव्हे. त्यांनी काम असे केले की, अटी घालणाऱ्यालाच त्या निरर्थक वाटू लागल्या, आणि पुढच्या मुलींना ते दार उघडे मिळाले. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे धडे घ्यायला याच नगरला आल्या होत्या. त्यांनी झेललेल्या शेणामातीबद्दल आपण बोलतो. कमलाबाईंवर शेणमाती पडली नाही. त्यांना सभ्य शब्दांत अटी मिळाल्या. सभ्य शब्दांतले नकार ओळखायला कठीण असतात, आणि आजच्या मुलींच्या वाट्याला बहुधा तेच येतात.

मी शास्त्रज्ञ होणार नाही. ती गाडी माझी चुकली. पण माझ्याही पाठीवर एक बहीण आहे. यंदा ती दहावी झाली आणि तिने शास्त्र शाखेचा हट्ट धरला. पुन्हा घरात बैठक बसली. चुलत्यांनी जुन्या अटी काढल्या. तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्यांच्या बैठकीत बोलले. तीन वर्षांत गावातून माझी एकही तक्रार आली नाही, मी एकदाही नापास झाले नाही, मग अटी कोणासाठी, एवढेच विचारले. कोणी काही बोलले नाही. वडील बराच वेळ जमिनीकडे पाहत बसले. मग त्यांनी प्रात्यक्षिकांनंतरची गाडी फाट्यावर किती वाजता येते ते विचारले. मी वेळ सांगितली.

आता धाकटी तालुक्याला जाते. ती एस.टी.तून उतरते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि फाट्यावर वडील बॅटरी घेऊन उभे असतात.